एकदा तरी शिडाच्या होडीत बसा!

मे महिना आला की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. घामोळे, उन्हाळी लागणे, आंबे-फणस खाऊन बिघडलेली पोटे, विहिरी तळाला गेल्यावर डोके वर काढणारी कावीळ आणि मुंबईहून येताना रक्तदाबाच्या गोळ्या तिकडेच विसरून आलेले चाकरमानी. गेली सत्तावीस वर्षे मालवणात मी हेच पाहतो आहे आणि या सदरातून बहुतेक वेळा त्याबद्दलच लिहितो आहे. आज वाचकांच्या परवानगीने थोडा वेगळा विषय घेतो. विषय आनंदाचा आहे. डॉक्टरने आनंदावर कशाला लिहायचे, असा प्रश्न काहींना पडेल. लेख वाचून झाल्यावर तो प्रश्न उरणार नाही, अशी आशा आहे.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका तांडेलांना हृदयविकाराचा झटका आला. वय ६८. नशीब चांगले म्हणून वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचले, अँजिओप्लास्टी झाली आणि आठवड्याभरात घरी आले. मी घरी जाऊन कागद पाहिले आणि सूचना लिहून दिल्या. विडी कायमची बंद. मीठ कमी. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. जड उचलायचे नाही. आणि शेवटी लिहिले, ‘समुद्र बंद’. हे दोन शब्द लिहायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नसतील. ज्या माणसाने वयाच्या बाराव्या वर्षापासून रोजची पहाट पाण्यावर पाहिली, त्याच्या कागदावर मी हे लिहिले आणि चहा पिऊन दवाखान्यात परतलो.

तांडेल शिस्तीचे माणूस. सगळे पाळले. विडी सुटली, रक्तदाब आटोक्यात आला, कोलेस्टेरॉल उतरले. कागदावर पाहाल तर माझा सर्वांत यशस्वी रुग्ण. पण यंदा फेब्रुवारीत ते तपासणीला आले तेव्हा वजन सहा किलो कमी भरले. भूक नाही, झोप नाही. कुणाशी बोलणे नाही. सून हळूच म्हणाली, “दिवसभर पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतात. समुद्र दिसतो त्या बाजूची खुर्चीसुद्धा यांनी आत ठेवायला लावली.” मी पुन्हा रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, हृदयाचा आलेख काढला. सगळे ठीक. मग मी त्यांनाच विचारले, “तांडेलानू, होतंय काय तुम्हाला?”

ते म्हणाले, “डॉक्टरांनू, तुम्ही माका जगवलात, बरा झाला. पण कित्या खातीर जगाचा, ता काय तुमच्या कागदार लिवक नाय.”

वाचकहो, सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात अनेकांनी माझे कान उपटले आहेत. पण हे वाक्य घेऊन मी त्या रात्री जागा राहिलो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एका रुग्णाला खऱ्या अर्थाने नैराश्य येते, हे आम्ही पुस्तकात शिकलेलो असतो. असे नैराश्य आलेल्या रुग्णाची पुढची वाटचाल जास्त धोक्याची असते, हेही शिकलेलो असतो. तरी समोरचा माणूस गप्प बसू लागला की आम्हाला आधी थायरॉइड आठवते. रुग्णाच्या अंगातली साखर आम्ही मोजतो, त्याच्या दिवसातली गोडी मोजायची राहून जाते. आणि ‘बंद’ हा शब्द लिहायला सगळ्यांत सोपा. ‘अमुक करा’ असे लिहिले तर काय, किती, कसे, हे सगळे सांगावे लागते. शिवाय काही बरेवाईट झाले तर जबाबदारी येते. ‘बंद’ लिहिले की डॉक्टर सुरक्षित.

हवापालट

माझ्या आधीच्या पिढीतले डॉक्टर एक औषध हमखास लिहून देत. त्याचे नाव हवापालट. आजारातून उठलेल्या माणसाला महिनाभर समुद्राकाठी किंवा डोंगरावर पाठवत. गांधीजींची आगाखान पॅलेसमधून ६ मे १९४४ रोजी सुटका झाली तेव्हा प्रकृती खालावलेली होती. त्यानंतर ते विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकिनारी राहिले होते. इंग्लंडात तर अठराव्या शतकात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी समुद्रस्नानाचा इतका पुरस्कार केला की ब्रायटन हे मच्छीमारांचे गाव आजाऱ्यांनी आणि श्रीमंतांनी गजबजून गेले. हे डॉक्टर रुग्णांना समुद्राचे पाणी प्यायलाही देत. तो मात्र शुद्ध वेडेपणा. आपण त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता क्षयासाठी चांगली औषधे आहेत, रक्तदाबासाठी आहेत, हृदयाच्या नळ्या उघडता येतात. म्हणून हवापालट मागे पडला, हे एका अर्थी बरेच झाले. खाऱ्या हवेने क्षय बरा होत नाही. पण औषधे आली म्हणून हवापालटाबरोबर मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टीही आम्ही चिठ्ठीवरून पुसून टाकल्या. मोकळे आकाश, रोजच्या चिंतेपासून सुटका, गाढ झोप, अंगमेहनतीची भूक आणि चार माणसांबरोबर घालवलेला निवांत दिवस, यांची गोळी अजून निघालेली नाही.

त्यात गंमत पाहा. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२० किलोमीटरचा किनारा आहे. देशभरातले लोक पैसे खर्चून तो पाहायला येतात. आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आयुष्यात एकदाही होडीत पाय ठेवलेला नाही. फार तर शाळेच्या सहलीत सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत गेले असतील. मीही त्यांतलाच. माझे वडील सांगत, पूर्वी मुंबईहून बोट यायची तेव्हा ती बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राही आणि प्रवासी पडावात उतरून किनाऱ्याला येत. त्या पिढीला समुद्र हा रस्ता होता. आम्हाला तो देखावा झाला.

अटी आणि तयारी

मी तांडेलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी इको आणि ट्रेडमिलची चाचणी करून घेतली. दोन्ही समाधानकारक निघाल्या. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता ते चढत होते. मग मी कागदावरचे ‘समुद्र बंद’ स्वतःच्या हाताने खोडले आणि खाली लिहिले, ‘समुद्र चालू, पण अटींवर.’ अटी अशा: वल्ही मारायची नाहीत, नांगर ओढायचा नाही, होडी लोटायची नाही. ती कामे मुलाने करायची. किनारा दिसेनासा होईल इतके आत जायचे नाही. अंगात जीवरक्षक जॅकेट हवेच. शेवटची अट त्यांनी घातली. “तुम्ही बरोबर येऊक व्हया.”

मी हो म्हणालो. शेजारच्या डॉक्टर मित्राने दोन दिवस माझे रुग्ण पाहायचे कबूल केले.

दिवस त्यांनी ठरवला. एप्रिलच्या अखेरची अष्टमी. कारण त्या दिवसांत भांगाची भरती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखी पाण्याला ओढ नसते आणि कर्ली नदीच्या मुखाशी होडीला त्रास कमी होतो. जायचे होते मालवणहून निवतीला. पाण्यावरून हे अंतर बारा-तेरा किलोमीटर असेल. मोटारीने कर्लीच्या पुलावरून वळसा घालून जावे लागते, समुद्राने सरळ. होडी त्यांचीच, लाकडी, एका बाजूला उलांडी असलेली. मागे छोटे इंजिन आहे, पण ते अडचणीसाठी. जुने शीड त्यांनी माळ्यावरून काढून सुनेबरोबर बसून शिवले होते. शीड शिवायला बसले त्या दिवशी सासऱ्यांनी दोन वाट्या पेज जास्त घेतली, असे सून म्हणाली. औषध सुरू व्हायच्या आधीच गुण यायला लागला होता!

पाण्यावरचा दिवस

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. तांडेल, त्यांचा मुलगा, भाचा आणि मी. जॅकेट चढवताना तांडेल कुरकुरले, “ह्या घातलेला कोणी बघितल्यान तर हसतले माका.” मी म्हटले, “हसू देत. मीही घातलंय.” आणि खरोखरच धक्क्यावरची दोनचार मंडळी हसली. पण त्या हसण्यात आपुलकी होती. दोन वर्षांनी तांडेल बंदरात दिसले होते.

शाळेत आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते, म्हणून वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, तो खारा. पाच गुणांसाठी घोकलेली ही गोष्ट त्या सकाळी मला पहिल्यांदा अंगावर कळली. किनाऱ्याकडून गार वारा येत होता आणि त्याला माडाच्या झावळ्यांचा, चुलीच्या धुराचा, ओल्या मातीचा वास होता. मुलाने इंजिन बंद केले. शीड वर गेले, एकदा फडफडले आणि भरले.

इंजिन बंद झाल्यावर जे ऐकू येते, त्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा शिडाच्या होडीत बसावे. होडीच्या फळीला लागून पाण्याची बारीक चळचळ. दोर ताणल्याचा आवाज. किनाऱ्यावर कुठेतरी कोंबडा. बाकी काही नाही. दवाखान्यात दिवसभर माझ्या कानावर खोकले, रडणारी मुले, मोबाईलच्या घंट्या आणि रस्त्यावरचे हॉर्न असतात. शांतता ही मला आठवणीतली गोष्ट झाली होती.

मालवणचे बंदर पाण्याखालच्या खडकांनी भरलेले आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गासाठी हे बेट निवडले, त्यात या खडकांचा वाटा मोठा होता. वाट माहीत नसलेल्या परक्या जहाजाला इथे शिरणे कठीण. तांडेल सुकाणूवर हात ठेवून मुलाला खुणा सांगत होते. किल्ल्याचा अमुक बुरूज आणि त्यामागची अमुक गोष्ट एका रेषेत आली की वळायचे. मधला खडक मला दिसत नव्हता, त्यांना पाण्याच्या रंगावरून दिसत होता. दवाखान्यात माझ्यासमोर खाली मान घालून बसणारा हाच का तो माणूस, असे मला वाटले. आवाज बदलला होता, मान ताठ झाली होती. माणसाला आपण ज्यात हुशार आहोत ते करायला मिळाले की तो कसा दिसतो, हे डॉक्टरांनी अधूनमधून पाहायला हवे.

वायरी मागे गेले, तारकर्ली मागे गेले. जमिनीवरून वेगवेगळी वाटणारी ही गावे पाण्यावरून माडांची एकच लांब रांग दिसते. वाळूवर कुठे रापण ओढणारी माणसे, कुठे पर्यटकांच्या रंगीत छत्र्या. मुलाने अचानक बोट दाखवले. चाळीसेक पावलांवर दोन करड्या पाठी वर आल्या आणि गेल्या. गादे! पर्यटकांच्या भाषेत डॉल्फिन. इंजिनाच्या बोटी त्यांच्या मागे धावतात तेव्हा ते दूर पळतात. आमच्या होडीचा आवाजच नव्हता, म्हणून बराच वेळ आसपास राहिले. त्यांचा श्वास सोडल्याचा फुस्स आवाज मी कानाने ऐकला. माझ्या वयाचा माणूस टाळ्या वाजवतो का? मी वाजवल्या.

साडेनऊच्या सुमारास देवबागसमोर वारा पडला. मतलई संपला होता आणि खारा अजून यायचा होता. शीड लोंबकळू लागले. होडी पुढे जाईना, जागच्या जागी मात्र डुलू लागली. आणि इथे या सदराच्या लेखकाची पुरती फजिती झाली. दोन दिवस सगळ्यांना मी बजावत होतो, निघण्याआधी तासभर गोळी घ्या. मी स्वतः ती खिशातच विसरलो होतो. तोंडाला पाणी सुटले, घाम फुटला, पोट ढवळले आणि मला साग्रसंगीत बोट लागली. आता रुग्ण मी होतो आणि डॉक्टर तांडेल. “डॉक्टरांनू, खाली फळीकडे बघू नकात. थंय डोंगराकडे बघा. मधी येवन बसा.” मला होडीच्या मध्यभागी बसवले, आल्याचा तुकडा तोंडात दिला. वीस मिनिटांत बरे वाटले. शास्त्रही हेच सांगते. तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत असते. ते मेंदूला सांगते, हलते आहे. जवळची फळी पाहणारे डोळे सांगतात, स्थिर आहे. या दोन उलटसुलट निरोपांनी मळमळते. दूरच्या क्षितिजाकडे किंवा डोंगराकडे पाहिले की डोळ्यांनाही हलणे दिसते आणि भांडण मिटते.

अकराच्या सुमारास तांडेलांनी मान वर केली. पश्चिमेकडे पाण्यावर एक गडद रेघ दिसत होती. “इलो! वारो इलो!” दोन मिनिटांत तो आमच्यापर्यंत पोचला. वायव्येचा खारा वारा, उन्हाळ्यातल्या दुपारचा आपला हक्काचा पंखा. शीड पुन्हा भरले आणि होडी अशी धावली की उलांडीवर पाणी उडू लागले. कर्लीच्या मुखाशी नदीचे गढूळसर पाणी आणि समुद्राचे निळे पाणी एकमेकांत मिसळताना पाहिले. भोगव्याच्या डोंगरावर एक समुद्रगरुड घिरट्या घालत होता. मुलाने दोर बापाच्या हातात दिला. अटीत दोर धरायची मनाई मी लिहिली नव्हती. तांडेलांचे डोळे ओले झाले होते की वाऱ्याने पाणी आले होते, ते मी विचारले नाही. त्यांची नाडी मात्र तेवढ्यात पाहून घेतली. मिनिटाला ७६, नियमित. माझी ९० होती!

दुपारी निवतीला त्यांच्या भाच्याच्या घरी पोचलो. उकड्या तांदळाची पेज, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी. तांडेलांनी सुकटाची चटणी न सांगता बाजूला सारली, कारण तिच्यात मीठ फार. भूक इतकी लागली होती की आम्ही कुणी बोललो नाही. रात्री खळ्यात वाऱ्यावर खाट टाकून झोपलो. कितीतरी वर्षांत मी सलग सात तास झोपलो नव्हतो. त्या रात्री झोपलो. पहाटे मतलई धरून परत निघालो आणि आठ-साडेआठला मालवणच्या धक्क्याला लागलो. मधला थोडा पट्टा इंजिन लावावे लागले.

“काही झाले असते तर?”

परतल्यावर अनेकांनी विचारले, “डॉक्टर, पाण्यावर त्यांना काही झाले असते तर?” प्रश्न बरोबर आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मी हाच विचार करत होतो. धोका शून्य नव्हता. चाचण्या चांगल्या आल्या तरी तो शून्य होत नाही. पण पडवीत भिंतीकडे तोंड करून बसण्यातही धोका होता आणि तो दोन वर्षे रोज वाढत होता. तो धोका कुणी मोजत नव्हते, कारण घरात मेलेल्या माणसाबद्दल डॉक्टरला कुणी जाब विचारत नाही. माझे मत असे आहे की ‘बंद’ लिहिण्याआधी डॉक्टरने रुग्णाला एक प्रश्न विचारावा. “तुम्हाला काय करायला आवडतं?” आणि ते सुरक्षितपणे कसे करता येईल, यासाठी पाच मिनिटे द्यावीत. पाच मिनिटांनी दवाखाना बुडत नाही.

मी फुशारकी मारत नाही. एका फेरीने तांडेलांचा आजार गेला नाही, गोळ्या एकीनेही कमी झाल्या नाहीत. पण आता ते रोज संध्याकाळी चालत बंदरावर येतात, नातवाला वाऱ्याच्या दिशा शिकवतात आणि महिन्यात त्यांचे दीड किलो वजन वाढले आहे. पडवीतली खुर्ची पुन्हा समुद्राकडे तोंड करून ठेवली आहे.

जाणाऱ्यांसाठी सूचना

आनंद सांगितला, आता डॉक्टरचे काम करतो. ही कात्रण काढून ठेवण्याजोगी यादी आहे.

१. हंगाम पाळा. पाण्यावरची सहल मार्च ते मेच्या मध्यापर्यंतच. मेच्या शेवटी वारा आणि पाणी बिघडू लागते. १ जूनपासून तर मासेमारीही बंद असते. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला, भर पावसाळ्यात, रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याचा इशारा असेल तर सहल रद्द करा, पैसे गेले तरी चालतील.

२. जॅकेट अंगात हवे, फळीखाली नको. पट्टे आवळलेले हवेत. पोहता येते त्यांनीही घालावे. २४ मे २०२२ रोजी आपल्याच तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. होडीत ठरलेल्यापेक्षा एक माणूस जास्त बसवत असतील तर उतरून या.

३. दारू पिऊन कुणीही होडीत बसू नये, आणि प्यायलेला माणूस सुकाणूवर असेल तर मुळीच नाही.

४. बोट लागू नये म्हणून निघण्यापूर्वी तासभर गोळी घ्या. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उपाशी निघू नका आणि वडे खाऊनही निघू नका. आंबोळी किंवा पेज उत्तम.

५. वाऱ्यात घाम जाणवत नाही, पण अंगातले पाणी कमी होतच असते. माणशी दोन लिटर पाणी हवे. उलट्या झाल्या तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवशीचा डोस आधी विचारून घ्यावा.

६. ऊन डोक्यावरून येते तसे खालूनही येते. वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. लांब बाह्यांचा सुती सदरा, मोठ्या काठाची टोपी आणि गडद चष्मा वापरा. अकरा ते तीन शक्यतो सावलीत राहा.

७. मधुमेह्यांनी साखर किंवा गूळ जवळ ठेवावा आणि अनवाणी उतरू नये. खडकावरच्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. जखम झाली तर स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जखम बराच वेळ दाबून धरा. गोळी मनाने थांबवू नका.

८. ज्यांना मी अजूनही नाहीच म्हणेन ते असे: गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आलेले, थोडे चालले तरी छातीत दुखणारे किंवा धाप लागणारे, फिट्स आटोक्यात नसलेले आणि शेवटच्या महिन्यांतल्या गर्भवती. त्यांनी किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसावे. तेही कमी नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात वडील असतील, आजी असेल, आजारातून उठून गप्प झालेले कुणी असेल, तर गोळ्यांचा डबा भरताना त्यांना तो एक प्रश्न विचारा. उत्तर समुद्र असेलच असे नाही. कुणाला भजनाला जायचे असेल, कुणाला माहेरचे घर पाहायचे असेल, कुणाला नुसते बाजारात जाऊन मासे स्वतः निवडून घ्यायचे असतील. ते उत्तर घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा आणि हे कसे जमवता येईल ते विचारा. डॉक्टरने घाईघाईने ‘बंद’ लिहिले, तर हे कात्रण त्यांच्या टेबलावर ठेवा.

आणि पुढच्या उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत, एक सकाळ तरी शिडाच्या होडीत बसा. गोळी मात्र खिशात विसरू नका!